खेळाडूचा दुसरा थकवा



थकवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणारा खेळाडू येतो. या थकव्याची आपल्याला चांगली ओळख आहे. लिंबू सरबत, केळे, तेलाची मालिश आणि रात्रीची झोप, हे उपाय आजीलाही ठाऊक असतात. पण मैदानावर आणखी एक थकवा येतो आणि तो अंगावर दिसत नाही. पायांत बळ असते, छातीत दम असतो, तरी तिसऱ्याच फेरीत 'आता पुरे' असे वाटू लागते. हातात आलेला सोपा झेल सुटतो. खो मिळूनही उठायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात पळणारा निसटतो. सर ओरडतात, "लक्ष कुठे आहे?" घरी गेल्यावर ऐकायला मिळते, "हल्ली फार आळस वाढलाय तुझा."

पुष्कळदा तो आळस नसतो. तो मेंदूचा थकवा असतो, आणि त्याचे परिणाम मोजता येतात.

हा विषय आज मुद्दाम घेण्याचे कारण असे की, दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की दहावीतले चांगले चांगले खेळाडू मैदानावर यायचे थांबतात. पालक म्हणतात, "दोन्ही जमत नाही, मुलगी फार दमते." मुलगी दमते हे खरेच आहे. पण ती कशाने दमते हे नीट पाहिले, तर खेळ न सोडताही बरेच काही करता येते. तेव्हा पालकांनीही हा पाठ वाचावा, ही विनंती.

प्राध्यापकांची बोटे

गोष्ट जुनी आहे. इटलीतल्या तूरिन शहरातले शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांनी १८९१ साली थकव्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. त्यांनी एक यंत्र बनवले होते. हात फळीवर घट्ट बांधायचा, मधल्या बोटाला दोरी अडकवायची, दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन. ठरावीक तालावर बोट आखडून वजन उचलायचे. वजन दर वेळी किती वर आले, त्याची रेघ कागदावर उमटायची. सुरुवातीच्या रेघा उंच असत, मग त्या ठेंगण्या होत जात आणि शेवटी बोट हलेनासे होई.

मोसो यांनी हे यंत्र आपल्या सहकारी प्राध्यापकांच्या हातालाही लावले. एकदा ते ताजेतवाने असताना, आणि एकदा लांबलचक व्याख्यान देऊन किंवा विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेऊन आल्यावर. परीक्षा घेताना बोटाने काहीच काम केले नव्हते. तरीही रेघा नेहमीपेक्षा लवकर ठेंगण्या झाल्या. (तोंडी परीक्षेत घेणाराही दमतो, हे आमच्या शिक्षकवर्गाला सांगायला नकोच!)

पुढे या धाग्याकडे बरीच वर्षे फार थोड्यांनी पाहिले. २००९ मध्ये वेल्समधील बँगोर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा उचलला. त्यांनी १६ जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावले. एका दिवशी ९० मिनिटे संगणकासमोर बसून डोळ्यांत तेल घालून करावे लागणारे काम दिले. पडद्यावर अक्षरे येत-जात, त्यातली ठरावीक जोडी दिसली की एक कळ दाबायची, इतर वेळी दुसरी. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ आगगाड्या आणि मोटारी यांवरचे माहितीपट दाखवले. दोन्ही दिवशी त्यानंतर जागेवरची सायकल दिली आणि सांगितले, दमून थांबेपर्यंत चालवा.

माहितीपट पाहून आलेले सरासरी ७५४ सेकंद टिकले. डोके शिणवून आलेले तेच लोक ६४० सेकंदांत थांबले. म्हणजे साडेबारा मिनिटांच्या जागी पावणेअकरा मिनिटे. आता यातली खरी गंमत पाहा. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांचा व्यायामाला मिळणारा प्रतिसाद बिघडलेला नव्हता. जिद्दही कमी नव्हती, प्रश्नावलीवरून तेही तपासले होते. बदलली होती ती एकच गोष्ट: तेवढ्याच श्रमाला 'किती कष्ट पडताहेत' याचे उत्तर पहिल्या मिनिटापासून जास्त येत होते.

याला आपण श्रमाची जाणीव म्हणू. आपण थांबतो ते स्नायू संपले म्हणून थांबतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा मेंदूला श्रम सोसवेनासे वाटतात म्हणून आपण थांबतो. डब्यात पीठ शिल्लक असते, पण डबा उघडणारा हात कंटाळलेला असतो. हे काही मनाचे चोचले नव्हेत. तासन्‌तास एकाग्र काम केल्यावर मेंदूत काही रसायने साठतात, असे शास्त्रज्ञ मानतात. २०२२ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी दाखवले, की दिवसभर अवघड बौद्धिक काम करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचे द्रव्य वाढलेले आढळते. सोपे काम करणाऱ्यांत ते तसे वाढत नाही. थकव्याचे सगळे कोडे एवढ्याने सुटले असे नाही, पण 'आळस' हा शब्द जपून वापरायला तेवढे पुरे आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळे प्रयोग सारखे बोलत नाहीत. २०२० मध्ये स्पेनमधील संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासून असे मत मांडले, की हा परिणाम सांगितला जातो तेवढा मोठा नसावा. शिवाय सर्वच खेळांवर तो सारखा होत नाही. शंभर मीटरची दौड, उंच उडी, एकदाच जोर लावून वजन उचलणे यांवर त्याचा परिणाम फारसा दिसत नाही. लांब पल्ल्याची धाव आणि क्षणोक्षणी निर्णय घ्यावे लागणारे खेळ मात्र त्याच्या तावडीत सापडतात. फुटबॉलपटूंना अर्धा तास डोक्याचे काम देऊन मग मैदानावर उतरवले, तेव्हा त्यांच्या पासची आणि गोलवर मारलेल्या फटक्यांची अचूकता घसरली. हा भेद लक्षात ठेवा, पुढे वेळापत्रक करताना कामाला येईल.

६७१ मिनिटे

आता आपल्या गावाकडे वळू. अंशुमन गायकवाड हे नाव वडोदऱ्यात कोणाला सांगायला नको. वडील दत्ताजीराव गायकवाड भारताचे कर्णधार होते. पुत्र भारताकडून ४० कसोटी सामने खेळले आणि पुढे संघाचे प्रशिक्षकही झाले. ३१ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी २०१ धावा केल्या, त्यासाठी ४३६ चेंडू खेळले आणि ६७१ मिनिटे खेळपट्टीवर काढली. अकरा तास अकरा मिनिटे! प्रथम श्रेणी क्रिकेटमधले ते तोवरचे सर्वांत संथ द्विशतक होते आणि त्यावरून लोक हसलेही. मला विचाराल तर ती खेळी शाळेत शिकवायला हवी.

अकरा तास कोणाचेही लक्ष सलग टिकत नाही. मग फलंदाज हे करतो कसे? जरा हिशेब मांडू. गोलंदाज धाव घेऊ लागल्यापासून चेंडू बॅटवर येईपर्यंत सुमारे ५ सेकंद धरा. ४३६ चेंडूंचे झाले २,१८० सेकंद, म्हणजे जेमतेम ३६ मिनिटे. दुसऱ्या टोकाला उभे असतानाही सावध राहावे लागते, त्याचीही तेवढीच धरली तरी एकूण सव्वा तासाच्या आतच. ६७१ मिनिटांपैकी डोळे रोखून पाहण्याची वेळ एवढीच! उरलेल्या साडेनऊ-दहा तासांत फलंदाजाने काय केले, यावर तो टिकणार की नाही हे ठरते. दोन चेंडूंच्या मधल्या वेळेतही जो मागच्या चुकलेल्या फटक्याचा विचार करत राहतो, धावफलक बघून बेरजा करत राहतो, त्याच्या लक्षाचा दिवा दिवसभर जळत राहतो आणि चहापानानंतर अचानक विझतो.

ऑस्ट्रेलियाचे ग्रेग चॅपल यांनी याची तीन पायऱ्यांची रीत सांगितली आहे. चेंडू नसताना नुसते आजूबाजूचे भान ठेवायचे. गोलंदाज धावू लागला की लक्ष त्याच्यावर आणायचे. चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणी सगळे लक्ष त्या एका जागी एकवटायचे. चेंडू संपला की पुन्हा पहिल्या पायरीवर. आपल्या मुलांना आपण 'एकाग्र व्हा' असे सांगतो, पण लक्ष सैल कसे सोडायचे हे शिकवत नाही. खरे तर ते आधी शिकवायला हवे.

सैल सोडण्यासाठी काहीतरी ठरलेली कृती असली की सोपे जाते. हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा लावणे, लेग अंपायरच्या दिशेने चार पावले जाणे, दूरच्या झाडाकडे एकदा बघणे. नेमबाजही दोन गोळ्यांच्या मध्ये असाच विसावा घेतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यात नुसत्या पात्रता फेरीतच गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून मिळून ६० गोळ्या झाडाव्या लागतात. साठ वेळा मन एका ठिपक्यावर आणायचे, आणि मधल्या वेळी सोडायचे. कबड्डीत चढाई संपवून आपल्या अंगणात परतलेल्याने, टेबल टेनिसमध्ये टॉवेलकडे जाणाऱ्याने हेच करावे.

दिवसाचा जमाखर्च

मैदानावर लक्ष काटकसरीने वापरले, पण मैदानावर येण्याआधीच ते उधळून टाकले तर काय उपयोग? आपल्याकडच्या दहावीतल्या एखाद्या खेळाडूचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाठांतर, मग शाळा, घरी येऊन जेमतेम खाणे, दोन तास ट्यूशन, तिथून सरळ मैदान. ट्यूशनमध्ये शेवटच्या अर्ध्या तासात गणिताची चाचणी. पंधरा मिनिटांनी तीच मुलगी नेटमध्ये उभी राहते आणि सर तिला नवा फटका शिकवायला घेतात. तो फटका त्या दिवशी येणार नाही. चूक मुलीची नाही, सरांचीही नाही, क्रमाची आहे.

क्रम बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय. शक्य असेल तर सराव आधी आणि ट्यूशन नंतर. ते जमत नसेल तर दोन्हींच्या मध्ये निदान अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवा, आणि मोकळा म्हणजे मोकळाच. सायकलवर रमतगमत येणे, झाडाखाली बसून शेंगदाणे खाणे, मित्राशी टवाळक्या. मोबाइल नव्हे! ब्राझीलमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंवर केलेल्या एका अभ्यासात सामन्याआधी अर्धा तास मोबाइलवर समाजमाध्यमे चाळलेल्यांचे पास देण्याचे निर्णय बिघडलेले दिसले. आपल्याला वाटते, मोबाइल पाहिला की डोके हलके होते. अंगठा हलका होत असेल, डोके नाही.

प्रशिक्षकांनी सरावातही क्रम पाळावा. नवे कौशल्य, डावपेच हे आधी, मुले ताजी असताना. ज्या दिवशी मुले परीक्षा देऊन आली आहेत, त्या दिवशी डावपेच नकोत आणि लांब धावही नको. वर सांगितलेला भेद आठवा: छोट्या दौडी, जोर-बैठका, दोरीच्या उड्या यांना मेंदूचा थकवा फारसा अडवत नाही. तेव्हा परीक्षेच्या महिन्यात आठवड्यातून तीन दिवस अशी चाळीस मिनिटे ठेवली, तर अंगातली तयारी बऱ्यापैकी टिकते आणि मुलाला खेळ सोडावा लागत नाही. सामन्याआधीची लांबलचक भाषणेही आवरावीत. दोन सूचना डोक्यात राहतात, दहा सूचना डोके दमवतात.

झोपेबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. १३ ते १८ वयात रात्री ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना काही आठवडे रात्री १० तास अंथरुणावर राहायला सांगितले. तेवढ्यानेच त्यांची ठरावीक धाव १६.२ वरून १५.५ सेकंदांवर आली आणि बास्केटही जास्त पडू लागले. आपल्या शहरात नवरात्राचे नऊ दिवस मध्यरात्र उलटेपर्यंत गरबा असतो आणि पाठोपाठ सहामाही परीक्षा येते. गरबा खेळू नका असे मी सांगणार नाही (सांगून ऐकणार कोण?). पण त्या आठवड्यात दुपारची वीस मिनिटांची डुलकी घ्या आणि सामना असेल तर आदल्या दोन रात्री घरी झोपा. चहा-कॉफीने मेंदूचा थकवा काही वेळ दबतो हे खरे, पण ती उसनवारी आहे. संध्याकाळी घेतलेली कॉफी रात्रीच्या झोपेतून वसूल करते.

पालकांना एकच सांगणे. सामना संपल्यावर स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाची उलटतपासणी घेऊ नका. "तो झेल कसा सोडलास?" हा प्रश्न दुसऱ्या दिवशीही विचारता येतो. त्या वेळी त्याला फक्त भूक लागलेली असते.

'सवयीने डोके टणक होत नाही का?' असे कोणी विचारील. काही अंशी होते. २०१६ मधल्या एका अभ्यासात अर्धा तास डोके शिणवल्यावर हौशी सायकलपटूंची कामगिरी घसरली, व्यावसायिकांची घसरली नाही. पण ते कणखरपण जन्मजात होते की अनेक वर्षांच्या सरावाने आले, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. त्यावरून लहान मुलांना मुद्दाम दमवून मैदानावर आणण्याचा प्रयोग कोणी करू नये.

हे सर्व झाले रोजच्या थकव्याबद्दल, जो विश्रांतीने जातो. रात्रभर झोपूनही जो जात नाही, तो वेगळा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विराट कोहली यांनी सांगितले, की दहा वर्षांत प्रथमच त्यांनी महिनाभर बॅटला हात लावला नव्हता. २०२१ मध्ये टोकियोत सिमोन बाइल्स या अमेरिकन जिम्नॅस्टने मन आणि शरीर यांचा मेळ बसेना म्हणून सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. तिच्यावर टीकाही झाली, पण २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके मिळवली. तुमच्यापैकी कोणाला दोन-दोन आठवडे आवडता खेळही नकोसा वाटत असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, उगाच रडू येत असेल, तर ते घरी आणि शिक्षकांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

करून पाहा

मोसो यांच्यासारखा प्रयोग आपल्यालाही करता येईल. त्यासाठी १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेली युक्ती वापरू. चार रंगांची स्केचपेने घ्या. मोठ्या कागदावर लाल, निळा, हिरवा, काळा हे शब्द पुन्हा पुन्हा लिहून शंभर शब्द करा, पण प्रत्येक शब्द भलत्याच रंगाने लिहा: 'लाल' हा शब्द निळ्याने, 'हिरवा' काळ्याने. आता शब्द न वाचता फक्त शाईचा रंग मोठ्याने सांगत जायचे. पहिल्या ओळीतच जीभ अडखळेल. जोडीदाराने चुका मोजाव्यात. कागद संपला की पुन्हा पहिल्यापासून, असे अर्धा तास.

त्यानंतर लगेच मैदानावर जाऊन १५ मीटरवरून एका यष्टीवर २० चेंडू फेका आणि किती लागले ते लिहा. मग मैदानाला ठरलेल्या चार फेऱ्या मारा आणि धावून झाल्यावर स्वतःला विचारा, किती कष्ट पडले? अगदी सहज असेल तर १, याहून जास्त शक्यच नव्हते असे वाटले तर १०. हा तुमचा श्रमांक. घड्याळाची वेळही शेजारी लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हेच सारे करा, फक्त आधीचा अर्धा तास गोष्टीचे पुस्तक वाचण्यात घालवा. अर्ध्या वर्गाने आधी रंगांचा कागद घ्यावा आणि अर्ध्याने आधी पुस्तक, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला जाणार नाही. एकट्यादुकट्याच्या आकड्यांवरून काही ठरवू नका. निदान वीस जणांची सरासरी काढा.

प्रयोग संपला तरी श्रमांक लिहिणे चालू ठेवा. वहीत रोज एक ओळ पुरे: तारीख, काय केले, लागलेला वेळ, श्रमांक, आदल्या रात्रीची झोप. एरवी ५ वाटणारी धाव त्याच वेळेत पुरी होऊनही लागोपाठ तीन दिवस ७ किंवा ८ वाटू लागली, तर ती वही सरावाला निघण्याआधी सरांना दाखवायची. एक तर डोके दमले आहे, नाहीतर ताप येणार आहे. दोन्ही वेळा त्या दिवशीचा सराव हलका करायचा.